८४ दिवसांची तारीख

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी, सोलापूर महानगरपालिका,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सोलापूर,
आणि शहर-जिल्ह्यातल्या सोनोग्राफी केंद्रांचे सर्व डॉक्टर यांस,

विषय: गरोदर बाईची डोकं बघण्याजोगी पहिली सोनोग्राफी बाराव्या आठवड्यात व्हावी आणि तिची तारीख कार्डावर लिहिली जावी, याबाबत.

साहेब, मॅडम,

सादर नमस्कार.

अर्ज कसा लिहायचा ते मला ठाऊक आहे. नोकरीची तीस वर्षं रजिस्टरं आणि अहवाल लिहिण्यातच गेली. पण अर्जाला आवक क्रमांक मिळतो आणि मग तो फायलीत झोपतो. म्हणून या वेळी चारचौघांत लिहिते आहे.

मी निवृत्त आरोग्यसेविका. बरीचशी नोकरी सोलापूरच्या पूर्वभागात झाली. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे नवरे, घरात तेलुगू आणि दारात मराठी. सगळ्या मला अक्का म्हणायच्या, अजूनही म्हणतात. माझी मागणी साधी आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पण ती का करते आहे हे कळायला आधी एका बाईचं सांगावं लागेल.

नाव सांगणार नाही, गल्लीही नाही. वय २३, पहिलटकरीण. नवरा मागावर, ती आणि सासू दोघी विड्या वळायच्या. पाळी चुकली, जवळच्या दवाखान्यातून लिहून दिलं म्हणून सातव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. ठोके आहेत एवढं कळलं. घरी पेढे वाटले, मीही खाल्ला. कार्ड मीच भरलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, सगळं वेळच्या वेळी. पुढची सोनोग्राफी झाली ती २९ आठवडे उलटल्यावर. तीसुद्धा कशी, तर पोट दिवसांच्या मानाने फार मोठं दिसायला लागलं, पाणी जास्त असेल म्हणून मीच मागे लागले. त्या दिवशी तिचा रोज बुडला. सासू कुरकुरली, पण बरोबर आली.

मला आत येऊ दिलं. डॉक्टरांचा हात पोटावरून फिरत होता तो एका जागी थांबला. परत फिरला, परत तिथेच थांबला. पडद्यावर बाळाचा चेहरा समोर आला. डोळे बेडकासारखे वर आलेले, आणि डोळ्यांच्या वर काही नाही. कपाळ नाही, कवटी नाही. बाळ लाथा मारत होतं. तिला त्या लाथा आतून कळत होत्या आणि पडद्यावरही काहीतरी हलताना दिसत होतं, म्हणून ती हसत होती. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली आणि मग हसू थांबलं. जेल पुसायला कागद दिला होता तो तिने हातात तसाच धरून ठेवला.

रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. सासू बोलली. "अक्का, ग्रहणात हिनं भाजी चिरली होती. मी नको म्हटलं होतं." ग्रहण कधी होतं ते मी मनात मोजलं. तेव्हा तिला पाचवा महिना होता.

ही गोष्ट २०२१ च्या आधीची. तेव्हा गर्भपाताच्या कायद्याची मर्यादा २० आठवडे होती, त्यापुढे कोर्टाची पायरी. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईतल्या एका २२ वर्षांच्या बाईला अशाच बाळापायी, २४ व्या आठवड्यात, थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं, आणि न्यायालयाने परवानगी दिली होती. पण एक दिवस माल पोचला नाही तर दुसऱ्या दिवशी पानं-तंबाखू मिळेल का याची काळजी असलेल्या घराला दिल्लीचा रस्ता कोण दाखवणार? तिने दिवस भरवले. अशा बाळंतपणात पुष्कळदा कळा आपसूक सुरू होत नाहीत, कारण त्या सुरू करण्यात बाळाच्या मेंदूचाही वाटा असतो. औषधं देऊन कळा आणल्या. बाळ पाऊण तास जगलं. मुलगी होती.

त्या रात्री मी तिच्या कार्डाची नोंद काढून बघितली. माझंच अक्षर. एकही रकाना रिकामा नव्हता. साहेब, मला त्रास झाला तो याचाच. काही राहून गेलं असतं तर स्वतःला दोष देऊन मोकळी झाले असते. राहिलं होतं ते कार्डावर विचारलेलंच नव्हतं.

आता थोडं शास्त्राचं. आपणांस सांगण्याचा अधिकार नाही मला, पण हे पत्र इतरही वाचतील, आणि हा सगळा घोटाळा तारखांचा आहे.

मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात ती न्यूरल ट्यूब गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. पाळीच्या हिशेबाने हा सहावा आठवडा. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना तोवर शंकाही आलेली नसते. नळीचं वरचं तोंड उघडं राहिलं तर कवटीचा घुमट तयार होत नाही आणि उघडा पडलेला मेंदू गर्भजलात हळूहळू झिजत जातो. ही अ‍ॅनेनसेफली. असं बाळ जगत नाही. काही पोटातच जातात, उरलेली काही तासांत, फार तर थोड्या दिवसांत. नळी खाली पाठीकडे उघडी राहिली तर तो स्पायना बायफिडा. त्याचं पुढे वेगळं लिहिते, कारण दोन्हींना एक माप लावता येत नाही.

म्हणजे पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाचा, विळीचा, भाजीचा काही संबंध नाही. जे व्हायचं होतं ते तिला दिवस गेल्याचं घरात कळायच्या सुमारासच होऊन गेलं होतं. हे सासूला सांगायला मला पुढे तीन खेपा माराव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला तिने ऐकलं, की ऐकल्यासारखं केलं, देव जाणे.

देशभरात झालेल्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात न्यूरल ट्यूबच्या दोषांचं प्रमाण हजार जन्मांमागे साधारण ४.५ आलं. माझ्यासारखीच्या रजिस्टरात वर्षाकाठी शे-दोनशे बाळंतपणं. म्हणजे प्रत्येक सिस्टरला हे कधी ना कधी भेटणार. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीत पहिलंच नाव न्यूरल ट्यूबच्या दोषाचं आहे, पण ती यादी बाळ जन्मल्यावर उघडायची.

मग सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हे का दिसलं नाही? दिसणारच नव्हतं. तेव्हा बाळ सेंटिमीटरभर असतं आणि कवटीचं हाड धरलेलंच नसतं. गर्भ पिशवीतच आहे ना, ठोके आहेत ना, एक आहे की जुळं, दिवस किती, एवढं सांगायला ती उत्तम. हाड दिसण्याजोगं होतं ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास. ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना, नीट बघितलं तर डोक्याभोवती पांढरी अंडाकार रेघ दिसते आणि आत मेंदूचे दोन भाग फुलपाखराच्या पंखांसारखे. ती रेघ नसेल तर बाराव्या आठवड्यातच कळतं. त्या बाईला २९ व्या आठवड्यात कळलं. मधे १७ आठवडे गेले. त्या १७ आठवड्यांत तिने झबली शिवली, कोणी नावं सुचवली, डोहाळजेवण झालं.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना एक विनंती. बाराव्या आठवड्यात मेंदू अजून झिजलेला नसतो, त्यामुळे घाईत बघितलं तर डोकं आहे असंच वाटतं. एका तज्ज्ञ मॅडमनी मला हे पडद्यावर दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, डोकं बघायचं नाही, हाड बघायचं." तर रिपोर्टात ठोके आणि लांबीबरोबर एक ओळ घाला: कवटीचं हाड दिसलं की नाही. बाळ उलटं बसलंय, पोट जाड आहे, दिसलं नाही, तर तसं लिहा आणि आठवड्याने परत बोलवा. आणि ती ओळ तोंडी मराठीत सांगा. रिपोर्ट इंग्रजीत, बाई तेलुगू, मधे मी. माझ्यासारखी मधे नसेल तेव्हा काय होत असेल याचा विचार करा.

आता तारखांकडे येते. आमच्याकडे बाईला पाळीची तारीख विचारली की ती सणावरून सांगते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दुसऱ्या दिवशी, पंचमीला माहेरी होते तेव्हा, असं. मग आम्ही कॅलेंडर काढून अंदाज बसवतो. समजा गड्ड्याच्या दिवसांत, १४ जानेवारीला पाळी आली होती. नऊ महिने सात दिवस मिळवा, बाळंतपणाची तारीख २१ ऑक्टोबर. हे गणित वस्तीतल्या म्हातारीलाही येतं. पण मधलं गणित कोणी करत नाही. १४ जानेवारीत ८४ दिवस मिळवा, ८ एप्रिल. बारा आठवडे पूर्ण. म्हणजे १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका निघायच्या आत पहिली खरी सोनोग्राफी झालेली हवी. १८ आठवडे २० मेला भरतात, २० आठवडे ३ जूनला. म्हणजे मृग निघण्याआधी दुसरी, सगळं अंग बघायची सोनोग्राफी. २४ आठवडे १ जुलैला. तेव्हा बहुतेक वर्षी पालख्या वाटेवर असतात किंवा पंढरपूरच्या जवळ आलेल्या असतात. आषाढीला सोनोग्राफी करू म्हणणारी बाई उशीर करते आहे हे तिला कोणीतरी जानेवारीतच सांगायला हवं.

चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब आपल्याकडे बोलीत रुळलाय. हे नुसते ८४ दिवस पाठ करायला काय जड आहे?

या तारखांना कायद्यातही अर्थ आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, तेही नियमांत सांगितलेल्या कारणांसाठी, आणि बाळातला गंभीर दोष त्यांत येतो. २४ च्या पुढे बाळात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि मंजुरी असेल तर पाच दिवसांच्या आत उपचार व्हायचे, असं नियम सांगतात. चांगला नियम आहे. आमच्या त्या बाईच्या वेळी तो नव्हता. पण मंडळापुढे जायचं म्हणजे कागद, फेऱ्या, नवऱ्याची रजा, आणि २९ आठवड्यांच्या पोटातून ते करणं हे बाळंतपणच असतं. बाराव्या आठवड्यात तेच एका डॉक्टरच्या खोलीत, दोन दिवसांत उरकतं. शरीराला आणि मनाला काय फरक पडतो ते मी वॉर्डात दोन्ही बघितलंय, वर्णन करत नाही.

ज्यांना ठेवायचं असेल त्यांनी ठेवावं. एक बाई होती, तिने सगळं समजून घेऊन दिवस भरवले, बाळाला हातात घेतलं, तासाभराने दिलं. तिला कोणी बोललेलं मला चाललं नसतं. पण ती आधीपासून जाणत होती. डोहाळजेवण करायचं की नाही हे तिचं तिने ठरवलं होतं.

दुसरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. बाराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करायला निघालं की शेजारणी डोळे मिचकावतात. लवकर करताय म्हणजे काहीतरी बघायचं असणार. खुद्द काही केंद्रांवर बाईला विचारतात, आधीची मुलगी आहे का, मग आत्ता कशाला. मी समजू शकते. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. मग १९९४ चा देशाचा कायदा आला, २००३ ला तो आणखी कडक झाला. तो कडकच राहावा. पूर्वभागात मी मुलींची संख्या मोजत मोठी झालेय, मला तो कायदा कोणी शिकवू नये. पण त्याच कायद्यातल्या फॉर्म एफमध्ये सोनोग्राफीच्या कारणांच्या यादीत बाळाच्या शरीरातले दोष शोधणं हे कारण छापलेलं आहे. खूण करा, सही घ्या, डोकं बघा. भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा फलक आहे, त्याच्या शेजारी दुसरा लावा: "येथे १२ आठवड्यांत बाळाच्या डोक्याची व १८ ते २० आठवड्यांत पाठीची तपासणी होते." बायकांचा संकोच निम्मा तिथेच जाईल.

आता स्पायना बायफिडा. इथे मी जरा जपून लिहिते, कारण असं पोर वाढवणाऱ्या आया माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्यांना या पत्रातून वेगळं काही ऐकू येऊ नये. पाठीचा उघडा दोष बाराव्या आठवड्यात नेहमी सापडत नाही. तो नीट सापडतो १८ ते २० आठवड्यांत, आणि गंमत म्हणजे पाठीपेक्षा आधी डोक्यावरून. कवटी पुढून दोन्ही बाजूंनी आत दबून लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो. १९८६ साली डॉक्टरांनी या खुणा लिहून ठेवल्या, तेव्हापासून जगभर त्यांना लिंबू आणि केळं म्हणतात. आमच्या बाजारातल्या बायकांना ही नावं सांगितली की त्या हसतात आणि विसरत नाहीत.

हा दोष अ‍ॅनेनसेफलीसारखा नाही. कणा कितव्या मणक्यापाशी उघडा आहे, डोक्यात पाणी साठतंय का, यावर पुढचं सगळं अवलंबून. पाठीवर शस्त्रक्रिया होते, डोक्यातलं पाणी काढायला नळी बसवतात, काहींना लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा नळी घालावी लागते. काही मुलं चालतात, काही चाकाच्या खुर्चीत बसून दहावी करतात. माझ्या ओळखीची एक मुलगी शिलाईकाम करते आणि भावापेक्षा जास्त कमावते. अशा आईबापांना वेळ लागतो विचारायला, पुण्या-मुंबईला तज्ज्ञाकडे जाऊन यायला, पैसा उभा करायला, बाळंतपण कुठे करायचं ते ठरवायला. १९ व्या आठवड्यात कळलं तर हे जमतं. नाहीतर बाळंतपणाच्या टेबलावर, पाठीवरचा फोड बघून पहिल्यांदा कळतं, आणि ओल्या बाळंतिणीला घेऊन रात्री ॲम्ब्युलन्स पुण्याला धावते.

आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेची प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्वाची तपासणी आहे, २०१६ पासून. बायका येतात, डॉक्टर येतात, चांगली चाललेली मोहीम आहे. पण ती आखलीच आहे दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी. आणि आम्हांला अहवालात विचारतात, १२ आठवड्यांच्या आत नोंदणी किती? नोंदणी! त्या टक्केवारीसाठी आम्ही घरोघर पळायचो. बारा आठवड्यांच्या आत नाव लिहायचं आणि बारा आठवडे झाले की बाळाकडे बघायचं नाही, हे मला नोकरीत असतानाही कळलं नव्हतं, आताही कळत नाही.

आपण म्हणाल, यंत्रं कमी, रेडिओलॉजिस्ट कमी, रांगा मोठ्या. खरं आहे. मी त्या रांगांत बायकांबरोबर तासन् तास बसले आहे. एकदा सकाळी आठला आलेल्या बाईला दुपारी दोनला सांगितलं, आज होणार नाही, सोमवारी या. सोमवार म्हणजे विडीवालीचा दुसरा रोज गेला. ती परत आली नाही. पण जागा नवीन काढायची गरज नाही, आहे ती सरकवायची आहे. धडधाकट बाई, पाळीची तारीख पक्की माहीत, कुठे दुखत नाही, रक्त जात नाही, तिची सातव्या आठवड्याची सोनोग्राफी कशाला? ठोके ऐकायची हौस घरच्यांची. तीच सोनोग्राफी पाच आठवडे पुढे ढकला. पोटात दुखतंय, रक्त जातंय, तारीख आठवत नाही, आधी गर्भ पिशवीबाहेर नळीत राहिला होता, अशांना सातव्याच आठवड्यात हवी, त्यांना अडवू नका.

गोळीचंही यातच येतं. चौथ्या महिन्यापासून आम्ही जी लाल गोळी वाटतो तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. रक्तासाठी ती हवीच. पण नळी मिटून तोवर दोन महिने उलटलेले. नळीच्या दृष्टीने हे वरातीमागून घोडं. नळीसाठीची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, गर्भ राहायच्या निदान महिनाभर आधी सुरू करून तिसरा महिना संपेपर्यंत घ्यायची असते. ॲनिमियामुक्त भारतच्या सूचनांतही ती आहे. आमच्याकडे जननक्षम जोडप्यांची नोंदवही असते, नवीन लग्न झालेली प्रत्येक सून तिच्यात येते. गोळी तिथूनच सुरू होऊ शकते. होते का, ते आपण एखादं उपकेंद्र गाठून विचारा.

जेवणातून भागेल का, असं विचारतात. आपल्या शेंगदाण्याच्या चटणीत, पालकात, हरभऱ्यात फोलेट असतं, खावं जरूर. पण त्यावर भिस्त ठेवून चालत नाही, शिजवताना बरंच उडून जातं. अमेरिकेत १९९८ पासून गव्हाच्या पिठात फोलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं आहे. आपल्याकडे तसं पीठ मिळतं, पण सक्ती नाही, आणि सोलापूरची भाकरी ज्वारीची, ती कोपऱ्यावरच्या गिरणीत दळलेली. त्या पिठात कोण काय घालणार? रेशनच्या पोषणयुक्त तांदळात फोलिक अ‍ॅसिड असतं. पूर्वभागातल्या तेलुगू घरांत भात होतो, तिथे ते थोडं पोटात जातं. मंगळवेढ्या-सांगोल्याकडच्या भाकरीवाल्या घरात भात सणालाच. म्हणून गोळी.

आणि एकदा असं बाळ झालेल्या बाईला साधी गोळी पुरत नाही. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांवरची चाचणी जाहीर केली. आधी असं बाळ झालेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर पुन्हा तोच दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, औषधाच्या दुकानातल्या स्वस्तात स्वस्त गोळ्यांपैकी एक. आमच्या त्या बाईला डिस्चार्ज मिळाला तेव्हा कागदावर लिहिलं होतं: विश्रांती, लोहाची गोळी, टाके सहा दिवसांनी. हे कुठेच नव्हतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. एका प्रशिक्षणात कळलं आणि मी दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. चान्स घ्यायच्या तीन महिने आधी तिने गोळी सुरू केली. बाराव्या आठवड्यात मी तिला घेऊन गेले, आणि डॉक्टरांनी न विचारता पडदा आमच्याकडे वळवला. पांढरी रेघ. तिने विचारलं, "हीच ना अक्का?" तो मुलगा आता शाळेत जातो आणि मला बघून पळतो, कारण मी इंजेक्शनवाली.

फिट्सच्या काही गोळ्या, त्यातही व्हॅल्प्रोएट, आणि ताब्यात नसलेली साखर यांनीही हा धोका वाढतो. अशा बाईने गोळी मनाने बंद करायची नाही, दिवस राहायच्या आधी डॉक्टरला भेटायचं. एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

ऊसतोडीच्या बायकांचं राहिलं. दिवाळीच्या मागेपुढे येतात, मार्च-एप्रिलला परत जातात. पाळी एका जिल्ह्यात, सोनोग्राफी दुसऱ्यात, बाळंतपण तिसऱ्यात. त्यांची नोंद कुठल्या उपकेंद्राची यावरून आपल्यात वाद होतात, तोवर त्यांचे आठवडे निघून जातात. पण कार्ड त्यांच्याबरोबर असतं. कोपीत, पिशवीत, आधार कार्डाच्या जोडीला. कार्डावर तारीख लिहिलेली असेल तर ती बाई जिथे असेल तिथल्या सिस्टरला दाखवेल. न लिहिलेली तारीख कोणीच दाखवू शकत नाही.

म्हणून माझी मागणी: नोंदणीच्या दिवशीच कार्डावर दोन तारखा लिहाव्यात, पाळीत ८४ दिवस मिळवून एक आणि १८ ते २० आठवड्यांची दुसरी. त्या तारखांना आपल्या प्रसूतिगृहांत आणि ग्रामीण रुग्णालयांत सोनोग्राफीची ठरावीक वेळ राखून ठेवावी, म्हणजे रोज बुडाला तरी एकदाच बुडेल. आणि असं बाळ झालेल्या प्रत्येक बाईच्या डिस्चार्ज कागदावर ५ मिलिग्रॅमच्या गोळीची ओळ असावी. आशांवर आणखी एक काम लादते आहे असं समजू नका, त्यांच्या डोक्यावर आधीच किती आहे ते मी जाणते. बेरीज त्यांनी करायची नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांचा तक्ता मी करून ठेवलाय, डावीकडे पाळीची तारीख, उजवीकडे दोन तारखा. आमच्या कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याने तो पुठ्ठ्यावर चिकटवून दिला, पैसे घेतले नाहीत.

कार्ड नव्याने छापायला मंजुरी लागते, मुंबईहून लागते, हेही मला माहीत आहे. तोवर शिक्का चालेल. मी एक बनवून घेतलाय: "डोके, १२ आठवडे: ता. ____ / पाठ, १८ ते २० आठवडे: ता. ____". जुन्या कार्डावर मागच्या बाजूला नेमका बसतो, मारून बघितला. शाई जांभळी आहे, हवी तर बदलू. मंगळवार सोडून कोणत्याही दिवशी मी मोकळी असते. कुठल्या कार्यालयात आणि किती वाजता आणून देऊ, एवढं कळवावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
सोलापूर